सात-बारा तिच्या नावावर, पाहुणे तिच्या अंगणात

शेती, शाळा आणि सहल यांची सांगड घालणारी कृषी पर्यटन केंद्रे आता महाराष्ट्राला नवी राहिलेली नाहीत. परंतु या केंद्रांचा सारा डोलारा जिच्या श्रमांवर उभा आहे, त्या शेतकरी स्त्रीचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कितपत आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या प्रश्नाचा आणि त्याच्या उत्तरांचा हा आढावा.

- खास प्रतिनिधी

पौषातली थंडी पडली की पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर या भागांतल्या शेतांमधून आगट्या पेटू लागतात. खड्ड्यात रचलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ज्वारीची कोवळी कणसे भाजायची, हातावर चोळून गरम हुरडा पाखडायचा आणि लसणाची चटणी, दही, गूळ यांच्यासोबत तो पाहुण्यांपुढे ठेवायचा, हा रिवाज जुनाच. पूर्वी पाहुणा म्हणजे सोयरा किंवा स्नेही असे. आता तो शहरातून गाडी करून येतो, माणशी पैसे मोजतो, मुलांना बैलगाडीत बसवतो आणि संध्याकाळी परततो. या बदलाला आपण 'कृषी पर्यटन' असे नाव दिले आहे.

या पाहुणचाराकडे जरा बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. पहाटे उठून पीठ मळणारी, चुलीसमोर बसून भाकऱ्या थापणारी, चटण्या वाटणारी, मुलांना गोठा दाखवणारी, बियाण्याची गाडगी उघडून 'हा वाल, हा घेवडा' असे समजावणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री असते. फाटकावरच्या पाटीवर आणि नोंदणीच्या प्रमाणपत्रावर मात्र नाव पुरुषाचे असते. याचे कारण सरळ आहे. नोंदणी जमिनीच्या कागदावर होते आणि जमिनीचा कागद त्याच्या नावावर असतो.

कल्पना कोठून आली?

शेतकऱ्याने शेती न सोडता शेतावरच पाहुणे ठेवावेत, या कल्पनेला कायद्याची चौकट देणाऱ्या देशांत इटलीचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. तेथे १९८५ साली यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला व २००६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या कायद्यांचे सूत्र महत्त्वाचे आहे. शेती हा मुख्य व्यवसाय आणि पाहुणचार हा त्याला जोडलेला दुय्यम व्यवसाय असला पाहिजे. शेती नावापुरती आणि हॉटेल खरे, असा प्रकार या व्याख्येत बसत नाही. तेथील अशा शेतांपैकी एक तृतीयांशाहून अधिक शेते स्त्रिया चालवतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात नेरळजवळच्या सगुणाबागेने ही वाट फार लवकर धरली. त्यानंतर २००५ साली बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे कृषी पर्यटन विकास संस्थेचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि तेथून ही संकल्पना जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. राज्य शासनाचे स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण यायला मात्र २०२० चा सप्टेंबर उजाडावा लागला. या धोरणानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही अट दिलासा देणारी आहे.

तिवईचे तीन पाय

शाश्वत शेती, शिक्षण आणि निसर्गातली करमणूक या तीन गोष्टी एकाच शेतावर नांदतात, तो योगायोग नव्हे. तिवईच्या पायांप्रमाणे त्या एकमेकींना धरून असतात. एक पाय लंगडला तर उरलेले दोन भार पेलू शकत नाहीत.

प्रथम शेतीचा पाय. ज्या शेतात लहान मुले अनवाणी धावणार, झाडावरचा पेरू तोडून तसाच खाणार, त्या शेतात विषारी फवारणी करून चालत नाही. त्यामुळे पाहुणे येऊ लागले की शेतीची पद्धत बदलणे भाग पडते. शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचे आच्छादन, आंतरपिके हे उपाय मग पुस्तकात राहत नाहीत. जीवामृताचे उदाहरण घ्या. साधारण दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक ते दोन किलो गूळ, तितकेच बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून हे मिश्रण ढवळत ठेवतात आणि काही दिवसांनी एकरभर पिकाला देतात. शहरातल्या मुलाला हा प्रकार आधी किळसवाणा वाटतो. मातीतल्या सूक्ष्म जीवांसाठी हा खाऊ आहे, असे सांगितले की तोच मुलगा काठी घेऊन पिंप ढवळायला पुढे येतो. शेतीचे काम आणि शिक्षण या दोहोंमधली भिंत येथे आपोआप पडते.

दुसरा पाय शिक्षणाचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाचे ठेवावेत, असे सुचवण्यात आले आहे. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून मुलांनी शिकावे, हा त्यामागचा हेतू. या यादीत शेतकरी स्त्रीला मानाचे स्थान असायला हवे. बी पारखणे, राखेत घोळून ते साठवणे, कोणत्या महिन्यात कोणती रानभाजी खुडावी, गाभण गाईची काळजी कशी घ्यावी, ही विद्या पिढ्यानपिढ्या तिच्याकडे आहे. तिला कोणी विद्या म्हणत नव्हते, एवढेच.

तिसरा पाय करमणुकीचा. येथे पाळणे आणि कारंजी उभारण्याची गरज नाही. विहिरीवरची मोट, झाडाला बांधलेला झोका, विटी-दांडू, रात्रीचे आकाश आणि पहाटेची पाखरे हे भांडवल पुरेसे असते. किंबहुना जेथे कृत्रिम थाटमाट वाढला, तेथे शेतीच मागे पडली, असा धोका या व्यवसायात कायम असतो.

हुरड्याचा हिशेब

पैशाच्या बाजूने विचार केला तर चित्र काय दिसते? रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या जमिनीत, बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर पेरली जाते. तिला पाणी कमी लागते, आणि कणीस काढल्यावर कडबा जनावरांना होतो. म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने ती गुणी आहे. दराच्या दृष्टीने मात्र ती गरीब. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. एकरी सहा क्विंटल धान्य झाले असे धरले, तर हाती सुमारे साडेबावीस हजार रुपये येतात आणि त्यातून खर्च वजा जातो.

आता उदाहरणादाखल असे समजू की याच शिवारात हुरड्याच्या हंगामात पाच शनिवार-रविवार, म्हणजे दहा दिवस, रोज चाळीस पाहुणे आले आणि माणशी सहाशे रुपये आकारले. ही रक्कम दोन लाख चाळीस हजार होते. निम्मा खर्च धरला तरी एक लाख वीस हजार उरतात. हुरड्याचा कोवळा दाणा जेमतेम दोन-तीन आठवडे टिकत असल्याने जाणते शेतकरी गुळभेंडी, सुरती अशा हुरड्याच्या वाणांची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने करतात व हंगाम लांबवतात.

या हिशेबात एक मेख आहे. चाळीस पाहुण्यांना नाश्ता-जेवण मिळून प्रत्येकी चार भाकरी म्हटल्या, तरी दिवसाला एकशे साठ भाकरी होतात. त्या थापणाऱ्या हातांची मजुरी खर्चात धरली आहे काय? बहुतेक घरांत ती धरली जात नाही. 'घरचेच तर आहेत' असे म्हणून सासू, सून, जाऊ यांचे कष्ट फुकटात जमा होतात आणि तेवढाच नफा फुगलेला दिसतो. घरातल्या स्त्रीची रोजची मजुरी वहीत लिहिली, की अनेक केंद्रांच्या नफ्याचे आकडे खाली येतील. तसे ते आलेलेच बरे. निदान दर ठरवताना खरा खर्च कळेल.

कोंभाळण्याचा धडा

स्त्री, शाश्वत शेती आणि शिक्षण यांचा संबंध पाहायचा असेल, तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावाकडे वळावे लागते. राहीबाई पोपेरे यांचे हे गाव. शाळेची पायरी न चढलेल्या, महादेव कोळी समाजातल्या या शेतकरी महिलेने घरातला नातू आजारी पडल्यावर अन्नातल्या रसायनांचा विचार सुरू केला आणि गावरान बियाणे जमवायला सुरुवात केली. पावसाळ्यात शेती आणि एरवी मजुरी, अशा स्थितीतल्या या कुटुंबाने दोन एकर पडीक जमीन लागवडीखाली आणली. बाएफ संस्थेच्या साहाय्याने राहीबाईंच्या घरी देशी वाणांची बियाणे बँक उभी राहिली. वाल, घेवडा, भात, नाचणी, वेलवर्गीय भाज्या असे कितीतरी वाण त्यांनी जपले आणि बचत गटांतील स्त्रियांमार्फत पसरवले.

बीबीसीच्या २०१८ च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. आज शाळकरी मुलांपासून कृषी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपर्यंत अनेकजण ही बियाणे बँक पाहायला कोंभाळण्याला जातात. शाळेत न गेलेल्या बाईकडे शाळा शिकायला येते, यापरते शेतीशिक्षणाचे दुसरे उदाहरण कोणते?

याच अकोले तालुक्यात राज्यातले सर्वोच्च १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे, भंडारदऱ्याचे धरण आहे, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या प्रारंभी, पावसाच्या तोंडावर, येथली झाडे काजव्यांनी लखलखतात आणि शहरांतून गाड्यांची रांग लागते. या गर्दीतला किती पैसा डोंगरातल्या शेतकरी स्त्रीच्या हाती पडतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गाड्यांचे दिवे, गोंगाट आणि कचरा यांनी काजवेच हटले तर पर्यटनही संपेल. बांधावरच्या झाडाची राखण करणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळाला, तरच ते झाड उभे राहील.

घाम तिचा, उतारा त्याचा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६४ शेतीत होत्या. याउलट, २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार शेतीच्या वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १३.९६ टक्के होते. २०१०-११ मध्ये ते १२.७९ टक्के होते. पाच वर्षांत सव्वा टक्क्याहूनही कमी वाढ, हा वेग फारसा भूषणावह म्हणता येणार नाही.

उताऱ्यावर नाव नसले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. बँकेचे पीककर्ज, शेततळ्याचे अनुदान, पंतप्रधान किसान सन्मान निधीचे सहा हजार रुपये, या सर्वांची वाट सात-बाऱ्यावरून जाते. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणीही त्याच वाटेने होते. केंद्र वाढवायचे, खोल्या बांधायच्या तर कर्ज लागते आणि कर्जाला तारण लागते. जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तिने दहा वर्षे खपून नावारूपाला आणलेले केंद्र कुटुंबातल्या वाटणीत किंवा वैधव्यात एका दिवसात परके होऊ शकते. पाहुण्यांच्या तोंडी तिच्या पिठल्याची चव राहते, कागदावर तिचा मागमूस राहत नाही.

कायदा आता तिच्या विरोधात नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु त्याआधी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद दूर केला, तसेच शेतजमिनीबाबत मूळ कायद्यात असलेली पळवाटही काढून टाकली. वडील २००५ च्या दुरुस्तीवेळी हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मतःच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची प्रथा गावोगाव चालू आहे. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि सासरी तिच्या नावावर काही नसते.

सीताशेतीचा वारसा

या प्रश्नाला भिडण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्याच मातीत झाला होता, याचे विस्मरण होऊ नये. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि शेतकरी स्त्रीच्या प्रश्नांना प्रथमच एवढे मोठे व्यासपीठ मिळाले. त्यापाठोपाठ संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. पतीने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावावर करावा, असे हे आवाहन होते. ते दान नव्हे, तिचे राहिलेले देणे आहे, अशी त्यामागची भूमिका होती. अनेक गावांतील शेतकऱ्यांनी त्याला प्रतिसाद दिला. १९९२ मध्ये राज्य शासनानेही पत्नीचे नाव सात-बाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना 'लक्ष्मीमुक्ती' याच नावाने आणली.

१९९१ मध्ये जोशी यांनी शेतीच्या चार वाटांची मांडणी केली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्यांतील सीताशेती म्हणजे स्त्रीच्या नावावर झालेल्या तुकड्यावर तिने स्वतःच्या अकलेने, रसायनांवर विसंबून न राहता, बियाणे जपत केलेली शेती. माजघरशेती म्हणजे पिकलेल्या मालावर घरातच प्रक्रिया करणे. आजच्या कृषी पर्यटन केंद्रात सेंद्रिय भाजीचा वाफा असतो आणि शेजारी पापड, मसाले, लोणच्यांची विक्री चालते, तेव्हा तीन दशकांपूर्वीच्या या मांडणीचे धागे त्यात सहज दिसतात. सीताशेतीची पहिली अट मात्र आपण विसरलो. तो तुकडा तिच्या नावावर असायला हवा होता.

कागद कसा बदलतो?

आता या दिशेने काही वाटा खुल्या झाल्या आहेत. पती-पत्नी, मुले अशा जवळच्या नात्यांत शेतजमीन बक्षीसपत्राने द्यायची असल्यास २०१५ पासून राज्यात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च व लागू असेल तेथे स्थानिक अधिभार वेगळा. लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार नोंदवता येतो.

२०२३ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने 'आई' हे महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणले. त्यानुसार महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळते. हा परतावा सात वर्षे किंवा साडेचार लाख रुपये, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर मिळतो. व्यवसायात निम्म्या कर्मचारी स्त्रिया असाव्यात, अशी अट आहे. जेथे चुलीपासून गोठ्यापर्यंत बायकाच राबतात, तेथे ही अट आपसूक पूर्ण होते. अडते ते 'महिलेच्या मालकीचा' या दोन शब्दांवर. नवऱ्याने केवळ योजनेपुरते तिचे नाव पुढे करायचे आणि बँकेचे पासबुक आपल्या खिशात ठेवायचे, हाही धोका आहेच. तेव्हा कागदासोबत खाते, आणि खात्यासोबत निर्णयही तिच्याकडे गेला पाहिजे.

जोखीम ओळखून

हा व्यवसाय म्हणजे हमखास पैसा, असा समज कोणी करून घेऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत गावांच्या वेशी बंद झाल्या आणि केवळ पाहुण्यांवर विसंबलेल्या केंद्रांची कोंडी झाली. ज्यांची शेती चालू होती, त्यांच्या घरात निदान धान्य आणि भाजी होती. इटलीच्या कायद्यातले 'शेती मुख्य, पाहुणचार दुय्यम' हे सूत्र अशा वेळी शहाणपणाचे वाटते.

सुरक्षिततेकडेही काटेकोर लक्ष हवे. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या कडा निसरड्या असतात. त्यात पडलेल्याला वर येणे कठीण जाते. तेव्हा तळ्याला कुंपण, गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब हवीच. विहिरीला कठडा, सर्पदंशावरील प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलांच्या सहलीबरोबर पुरेसे शिक्षक, या गोष्टी चुलीवरच्या जेवणाइतक्याच आवश्यक आहेत. एक दुर्घटना वर्षांची पुण्याई पुसून टाकते.

पाहुणचाराचा भार वाढला की घरातल्या मुलींची शाळा बुडू नये, हेही पाहायला हवे. शहरातल्या मुलांना शेती शिकवण्यासाठी गावातल्या मुलीने वर्गाबाहेर राहावे, यासारखी विसंगती नाही.

पाहुण्याचेही कर्तव्य

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशी वर्षे येतात आणि जातात. परिसंवाद होतात, शाली वाटल्या जातात. या वर्षाचे खरे मोजमाप किती फेरफार नोंदी स्त्रियांच्या नावे झाल्या, यानेच व्हायला हवे.

शहरातल्या वाचकालाही यात करण्याजोगे काही आहे. पुढच्या वेळी हुरडा खायला गेल्यावर भाकरी वाढणाऱ्या ताईंना त्यांचे नाव विचारावे. पैसे देताना ते कोणाच्या खात्यात जात आहेत, हे पाहावे. शाळेची सहल ठरवणाऱ्या मुख्याध्यापकांनी स्त्रीच्या नावे नोंद असलेल्या केंद्राला प्राधान्य द्यावे. मागणी बदलली की पाट्याही बदलतात.

आगटीभोवती बसून ताव मारणाऱ्यांना ज्वारीचा गोडवा कळतो. ती ज्वारी जिने पेरली, राखली, भाजली, तिच्या वाट्याला त्या शिवाराचे चार गुंठे तरी यावेत, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.